केस विसरता आले पाहिजेत

रविवार, 15 डिसेंबर 2024, भालकी

साडेपाचला ग्राउंडवर पोचले. धुकं इतकं दाट की पलीकडचा गोलपोस्ट दिसेना. बिदरचं पठार डिसेंबरात असंच गारठतं. तोंडातून वाफ निघते आणि पहिली दहा मिनिटं बोटं वळत नाहीत. माझ्याकडं पळायला शिकणाऱ्या पाच पोरींपैकी चौघी वेळेवर आल्या. पाचवी, जिला सगळ्याजणी मोठी म्हणतात, ती वीस मिनिटं उशिरा, धापा टाकत आली. अर्धी वेणी घातलेली, अर्धी सुटलेली.

"माय उठलीच नव्हती, अक्का. वेणी कोण घालणार?"

एकोणीस वर्षांची पोर. भाकरी थापते, तुरी काढू लागते, धाकट्या बहिणीचा अभ्यास घेते. वेणी मात्र आजही माय घालते. आमच्या गल्लीत याचं कुणाला नवल नाही. लग्न होईस्तोवर माझेही केस आईच्याच हातात होते.

तिला केंद्रीय दलांच्या जीडी कॉन्स्टेबल भरतीला बसायचंय. तिथं मुलींना 1.6 किलोमीटर साडेआठ मिनिटांत पळावं लागतं. म्हणजे चारशे मीटरच्या चार फेऱ्या, फेरीला दोन मिनिटं आणि वर सात सेकंद. महिना झाला, ती नऊ मिनिटांच्या आत येत नाही. आज मी घड्याळ बाजूला ठेवून नुसती तिच्याकडं बघत राहिले. चार फेऱ्यांत तिचा हात चौदा वेळा डोक्याकडं गेला. कपाळावरची बट मागं सारायला, रबर वर ओढायला, वेणी खांद्यावरून मागं टाकायला. हात वर गेला की खांदा वळतो, आणि खांदा वळला की पाऊल आखूड पडतं. दम कमी नाही तिचा. पायही चांगले आहेत. अडवलंय ते केसांनी.

वहीत नवा रकाना पाडला: हात डोक्याकडं किती वेळा गेला. पोरींची नावं या वहीत लिहिणार नाही. त्यांचं धावणं त्यांचं आहे.

बुधवार, 18 डिसेंबर

मोठीनं आज उंच पोनी बांधली, फोनवर बघून, स्वतःच्या हातानं. पहिली फेरी छान गेली. दुसऱ्या फेरीत वळणावर पोनीचं टोक चाबकासारखं डोळ्यावर बसलं आणि ती उभीच राहिली. रात्री डोक्यावर चोपून तेल घातलेलं, त्यामुळं रबरही घसरत घसरत मानेवर आलं. हात: अकरा वेळा.

कमलनगरच्या पोरीनं प्रश्न मोठा चांगला काढला. "अक्का, पळताना आपण वर-खाली होतो. मग पोनी आडवी कशी काय हेलकावते?"

याच प्रश्नावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणितज्ञ जोसेफ केलर यांनी 2010 साली एक शोधनिबंध लिहिला. 2012 चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल ज्यांना मिळालं त्यांत तेही होते. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात. केलर यांचं उत्तर मी पोरींना झोक्यावरून सांगितलं. पंचमीला झोक्यावर उभं राहून आपण गुडघे वाकवतो, ताठ करतो. जोर वर-खाली लावतो, पण झोका जातो पुढं-मागं. तसंच डोकं ठेक्यात वर-खाली होत राहिलं की लोंबणाऱ्या केसांना सरळ राहता येत नाही, ते बाजूला जातात आणि दर पावलागणिक जास्तच जातात. दोन पावलं पडली की पोनीचा एक हेलकावा पुरा होतो.

कारण कळलं की उपायही सापडतो. लोंबतं ते आखूड करायचं, नाहीतर ताठ करायचं. पोनी ठेवायचीच तर ती फार उंच नको, अगदी मानेवरही नको. कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेत बांधायची. मग तिच्यावर दर चार बोटांवर आणखी एकेक रबर चढवायचं. केस एका दोरात राहतात, पिसारा होत नाही. उघडं रबर केस तोडतं. जुन्या सुती ओढणीची बोटभर रुंद पट्टी फाडून तिची गाठ मारली तर ती घसरत नाही आणि केसही ओढत नाही. आणि तेल आदल्या रात्री नको. धावून आल्यावर, न्हाण्याच्या आधी.

रविवार, 22 डिसेंबर

आज पळणं कमी, वेणी जास्त. माझ्या ओसरीवर पाचही जणी फण्या घेऊन बसल्या. आमच्याकडं जिला सागरवेणी म्हणतात ती शिकवली.

कपाळाच्या मध्यापासून मागपर्यंत सरळ भांग. उजव्या बाजूला कपाळाजवळच एक जाड बट घ्यायची, तिचे तीन पेड. एकदा नेहमीसारखं गुंफायचं. मग दर वळणाला कडेचे थोडे केस उचलून त्या पेडात मिळवायचे. कपाळाकडची बट, कानामागची बट, मानेवरची बारीक लव, सगळं वाटेत गोळा होत जातं. वेणी डोक्यालाच चिकटून खाली उतरते. मानेशी आली की पुढं साधी तिपेडी. डाव्या बाजूला तसंच. शेवटी दोन्ही टोकं मागं एकमेकींत अडकवून एका पट्टीनं बांधायची, म्हणजे लोंबायला काही उरत नाही.

मोठीला पहिल्या खेपेला पंचवीस मिनिटं लागली. आरशात बघून घालायला गेली की डावं-उजवं उलटं होई. मी आरसा काढून घेतला. "डोळे मीट आणि बोटांनी बघ." वर धरलेले हात भरून आले, तिनं खाली सोडले, झटकले, पुन्हा वर घेतले. तिसऱ्यांदा घातली तेव्हा वेणी थोडी वाकडी झाली, पण पक्की बसली. अंगणात तिला पन्नास उड्या मारायला लावल्या. एक बट हलली नाही.

पाचजणींतल्या सगळ्यांत धाकटीनं तोंड वाकडं केलं: "दोन वेण्या शाळकरी पोरीच घालतात." मग मी तिला ग्रेटे वाइट्झची गोष्ट सांगितली. नॉर्वेची ही शिक्षिका 1978 मध्ये आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावायला न्यूयॉर्कला गेली आणि 2 तास 32 मिनिटं 30 सेकंदांत पहिली आली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. पुढं ती शर्यत तिनं एकूण नऊ वेळा जिंकली. तिच्या फोटोंत दोन बाजूंना बांधलेले ते सोनेरी झुबके लोकांच्या अजून लक्षात आहेत. शाळकरी म्हणून जे आपण टाकून देतो, ते बायकांच्या मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या काळात तिच्या डोक्यावर होतं.

गुरुवार, 26 डिसेंबर

पाचजणींतली एक स्कार्फ बांधून धावते. तिची अडचण वेगळी. वर आंबाडा बांधला की कापड मागं सरकतं, कपाळ उघडं पडतं आणि तिचा हात सारखा पुढं जातो. आज तिनंच वाट काढली. सागरवेणी घालून तिचा चपटा बुचडा अगदी मानेच्या खळगीत बसवला, त्यावर सुती टोपी आणि टोपीवर पातळ स्कार्फ. टाचणी एकही नाही. दोन्ही टोकं मागं नेऊन गाठ मारली आणि ती टीशर्टच्या आत खोचली. पडली-धडपडली तर टाचणी टोचायची भीती नको. "कापडाला धरून बसायला खाली काहीतरी चपटं पाहिजे," असं ती म्हणाली. आज चौथ्या फेरीपर्यंत तिचा हात एकदाही वर गेला नाही. माझ्या रकान्यातलं पहिलं शून्य तिचं.

सोमवार, 30 डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. आज ग्राउंडला सुट्टी. या दिवशी आमच्या भागात गावं ओस पडतात आणि शेतं भरतात; बिदर-कलबुर्गीकडं, लातूरकडं, मराठी बोलणारे आणि कानडी बोलणारे सगळे सारखेच. कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील, खीर. हरभरा गुडघ्याएवढा आहे आणि ज्वारी निसवलीय.

जेवणं उरकल्यावर मी बायकांची डोकी बघत बसले. हल्ली माझी नजर तिथंच जाते. चुलत सासूबाई सत्तरीच्या पुढं आहेत. त्या हरभऱ्यात वाकल्या आणि केस सुटले. दोन्ही हात मागं गेले, केसांचा पिळा झाला, पिळ्याचं वेटोळं झालं, टोक त्याच वेटोळ्यात खालून खोचलं गेलं. पिन नाही, रबर नाही, आरसा नाही. मी मनात मोजत होते, पाच आकडे होतात न होतात तोवर त्या पुन्हा वाकल्याही. संध्याकाळपर्यंत तो बुचडा सुटला नाही.

मी विचारलं, "काकू, हे कुणी शिकवलं?"

"शिकवायला काय ते? कामाला लागलं की केस आपलेआप बांधले जातात माय."

खुरपताना, पाणी शेंदताना, डोक्यावर पेंढी घेऊन बांधावरून चालताना आमच्या बायकांनी केस असे बांधले की त्यांची आठवणही राहू नये. हे ज्ञान शेतात होतं. घरात बसवून आम्ही पोरींना वेणी दिसावी कशी ते शिकवलं, टिकावी कशी ते शिकवलं नाही. काकूंचा बुचडा धावताना मात्र चालणार नाही, उड्यांनी तो ढिला होतो. पण त्याच्या आधी वेणी घालून मग वेटोळं केलं आणि दोन आकडे आडवे-उभे टोचले तर पाच किलोमीटर सहज टिकतो. उद्या सांगते पोरींना.

रविवार, 5 जानेवारी 2025, बसवकल्याण

पोरींना घेऊन कल्याणला आले. बाराव्या शतकात बसवण्णांचा अनुभव मंटप इथं भरत होता. आता त्याची नवी भव्य इमारत उभी राहतेय. पोरी बघत होत्या आणि मला अक्कमहादेवी आठवत होती. कर्नाटकातल्या उडुतडीहून ती इथपर्यंत चालत आली. सगळं टाकून, वस्त्रंही टाकून, नुसत्या मोकळ्या केसांनी अंग झाकून, असं परंपरा सांगते. मंटपात अल्लमप्रभूंनी तिला त्या केसांवरूनच अडवलं: सगळं सोडलंस, तर केसांचा आडोसा कशाला? ती बधली नाही. पुढं ती इथून श्रीशैलाला गेली, तेही पायीच.

मोठीनं विचारलं, "म्हणजे तिनं मोकळे सोडले, आणि तुम्ही बांधायला लावता?"

बसमध्ये यावरच विचार करत आले. अक्कमहादेवीनं केस मोकळे सोडले ते तिच्या वाटेला तेच लागत होतं म्हणून. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाला आवडावं म्हणून नाही. मोठीच्या वाटेला चार फेऱ्या आणि साडेआठ मिनिटं आहेत. तिनं तिच्या वाटेपुरते बांधावेत. दोघींत मला विरोध दिसत नाही.

रविवार, 12 जानेवारी

तीन आठवडे रोज सागरवेणी, तर आज कमलनगरच्या पोरीनं कानशिलाजवळचे केस दाखवले. विरळ झालेत, मुळाशी बारीक लाल पुटकुळ्या. माझीच चूक. घट्ट बांधा, घट्ट बांधा म्हणत राहिले.

केस रोज एकाच जागी ताणले गेले की मुळं दुखावतात. डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. वेळीच ताण काढला तर केस परत येतात. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ती मुळं कायमची जातात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे गेलेली बट परत वेणीत यायला वर्ष-दोन वर्षं जातात. भिंतीवर नवे नियम लावले:

वेणी घातल्यावर भुवया वर उचलून बघायच्या. कपाळाला ओढ लागली तर वेणी जास्त घट्ट आहे.

आज दोन वेण्या, उद्या एक, परवा बुचडा. भांगाची जागाही बदलायची.

ओले केस बांधून पळायचं नाही. ओला केस ताणतो आणि तुटतो. पहाटे न्हायचं नाही, धावून आल्यावर न्हायचं.

घाम आलेले केस तसेच बांधून दिवस काढायचा नाही. घरी गेल्याबरोबर सोडायचे, वारा लागू द्यायचा, टोकाकडून वर फणी फिरवायची.

धाकटी म्हणाली, गुंतवळ आजी भिंतीच्या फटीत ठेवते, केसांवर भांडी देणारी बाई आली की देते. खरंय, आमच्या लहानपणी फुगे मिळायचे. इथून खाली कोप्पळजवळच्या भाग्यनगरात अशा केसांवर कामं करणारे कितीतरी लोक आहेत. गुंता सोडवतात, लांबीप्रमाणं लावतात आणि ते केस परदेशी जातात. गळालेल्या केसालाही मोल आहे. डोक्यावर आहे त्याला आपण जास्त जपावं.

रविवार, 19 जानेवारी

आज दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम लढत झाली. आपल्या पोरींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे, संघात कर्नाटकची चैत्राही. आमच्यासारख्या दोन राज्यांच्या मधल्या घरांत यापेक्षा मोठा सण कुठला! खो-खोत बसल्या जागेवरून उठून एका दमात खांब गाठायचा असतो. केस डोळ्यांवर आले की खांब चुकलाच. साताऱ्याच्या मोही गावच्या ललिता बाबरचीही सुरुवात खो-खोपासूनच. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, दहावी आली. 1984 मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली, त्यानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय बाई ती.

सामना संपला आणि चौथी म्हणाली, "अक्का, मी कापूनच टाकते." तिची आजी तिथंच बसलेली. तिचा चेहरा उतरला. "घरात काय वाईट झालंय का, केस कापायला?"

आजीच्या बोलण्यात अडाणीपणा नाही, जुनी जखम आहे. विधवेचे केस जबरदस्तीनं काढायची रीत कितीतरी घरांनी पाळली. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनीच संप केला की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. कापलेले केस म्हणजे बाईचं वाटोळं, ही भीती त्या रीतीतून आलीय. मी आजीला एवढंच म्हणाले, की तेव्हा बाईला कुणी विचारत नव्हतं. आज ही स्वतः मागतेय.

आणि चौथीला म्हणाले, कापणार असशील तर नीट समजून काप. हनुवटीपर्यंतचे केस धावायला सगळ्यांत वाईट; बांधता येत नाहीत आणि मागंही राहत नाहीत. एक तर कानाच्या वर आखूड ठेव, नाहीतर बांधता येतील इतके लांब. तिनं महिनाभर थांबायचं ठरवलं. आजी काही बोलली नाही, पण गेलीही नाही.

गुरुवार, 23 जानेवारी

लांब उडीचा सराव. राज्याच्या पोलीस भरतीत मुलींना अडीच मीटर उडी लागते. कमलनगरची एरवी सहज मारते. आज ताण नको म्हणून तिनं साधी एक वेणी घातली होती, कंबरेपर्यंतची. उडी चांगली पडली, पण उतरताना ती मागं कलली. मी टेप घेऊन वाळूत वाकले. टाचांच्या खुणा स्वच्छ, आणि त्यांच्या मागं, वीतभर अलीकडं, वाळूत एक बारीक रेघ. नीट पाहिली. टोकाला रबराचा गोल ठसा होता.

नियम सरळ आहे: वाळूत अंगाची किंवा अंगाला जोडलेल्या कशाचीही उडीच्या फळीकडं सगळ्यांत जवळची खूण पडली असेल, तिथून मोजायचं. पायांनी कमावलेली वीत वेणीनं गमावली. 2017 मध्ये ओस्लोत नायजेरियाच्या ब्लेसिंग ओकाग्बारेचा केसांचा टोपच उडी मारताना निघून वाळूत पडला होता. धावण्याचं मात्र उलट आहे: शेवटच्या रेषेवर धड मोजतात, डोकं, मान, हात-पाय काही मोजत नाहीत. उषाचं 1984 चं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं, तेव्हा सगळा हिशेब छातीचा होता. म्हणजे शेवटच्या रेषेवर वेणी मोजली जात नाही, पण उडीत ती नडते. कमलनगरचीनं वेणीचं वेटोळं करून दोन आकडे लावले आणि पुन्हा उडी मारली. दोन मीटर त्र्याऐंशी.

मंगळवार, 28 जानेवारी, आळंद तालुका

मावसबहिणीकडं आलेय. कलबुर्गीकडच्या या गावांत तुरीच्या राशी चालल्यात, सगळीकडं भुसा उडतोय. शेजारची तेरा वर्षांची पोर शाळेत दोनशे मीटरला पहिली येते. मी आलेय कळल्यावर ती आली, पण डोक्यावरची ओढणी काढेना. शेवटी काढली. मानेवर अंगठ्याएवढी जट.

तिच्या आजीनं हात जोडले. "देवीचं हाय ते. हात लावू नका."

या भागात जट म्हणजे यल्लम्माचं बोलावणं, असं मानणारे अजून आहेत. जट आलेल्या कितीतरी पोरी देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं त्या प्रथेवर बंदी आली. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांची समजूत काढून जटा सोडवतात. मला हे सगळं माहीत होतं, पण आजीपुढं कायदा काढावासा वाटला नाही. मी पोरीला विचारलं, पळून आल्यावर केस सोडतेस का? नाही. कॉलरला मान घासते का? हो. मग आजीला दाखवलं: घाम, भुसा, जुनं तेल आणि घासणारी कॉलर, यांनी कसा गुंता होतो.

तिच्या आईनं खोबरेल तेल कोमट केलं. फणीच्या दांडीचं बोथट टोक घेऊन आम्ही दोघी बसलो. टोकाकडून एकेक केस ओढून बाजूला. दोन तास. पोर रडली नाही. तीन हिस्से सुटले. मुळाशी सुपारीएवढा गोळा राहिला तो काही सुटेना. कात्री आईनंच मागितली आणि तिनंच चालवली.

आजी सगळं बघत होती. गोळा पदरात घेतला आणि म्हणाली, "देवीनं दिलं, देवीनंच सोडवलं." मी मान हलवली. निघताना पोरीला सागरवेणी घालून दिली आणि सांगितलं, रोज सोडायची, रोज विंचरायची, विंचरल्याशिवाय झोपायचं नाही. ती रस्त्याच्या कडेनं पळत गेली. ओढणी तिच्या हातात होती.

मंगळवार, 4 फेब्रुवारी, भालकी

रथसप्तमी. सूर्य वर यायच्या आत आम्ही ग्राउंडवर होतो. आज मोठीची वेळ लावायची होती. लेखी पेपर पुढच्या आठवड्यात, फिजिकल त्यानंतर. तिनं घरूनच केस बांधून आणले होते, दोन सागरवेण्या, टोकं मागं अडकवलेली. भांग मधोमध नव्हता, आज तिनं तो जरा डावीकडं काढला होता. म्हणजे नियम वाचलेत.

पहिली फेरी दोन मिनिटं एक. दुसरी दोन-सहा. तिसरी दोन-दहा, इथं ती नेहमी मोडते. मी पेन्सिल रकान्यावर धरून बसले होते. तिचा उजवा हात वर आला, माझी पेन्सिल टेकली, पण तिनं मनगटानं नाक पुसलं आणि हात खाली घेतला. चौथी दोन-पाच. एकूण आठ मिनिटं बावीस सेकंद.

सगळं केसांमुळं झालं असं मी म्हणणार नाही. सात आठवडे ती घाम गाळतेय. पण या सात आठवड्यांत तिचं लक्ष डोक्यावरून पायांवर आलं, हे मी रोज माझ्या डोळ्यांनी बघितलंय. केस विसरता आले पाहिजेत, एवढंच मला पोरींना सांगायचं होतं. लांब असोत, आखूड असोत, स्कार्फखाली असोत. आणि बांधणारे हात आपले पाहिजेत, म्हणजे पहाटे कुणाच्या उठण्याची वाट बघावी लागत नाही.

आज तिची माय आली होती बघायला, शाल पांघरून, कठड्यावर बसून. लेक पळून आली तशी ती उठली आणि सवयीनं तिचे हात वेण्यांकडं गेले. मग थांबले. करायला काही उरलंच नव्हतं.

"आता मला उठवत नाही ती," माय मला म्हणाली. "साडेचारला जाग येते आणि हात रिकामे वाटतात."

मोठीनं ऐकलं. ती अजून धापा टाकत होती. मायच्या पुढ्यात पाठ करून ती खाली कठड्याशी बसली आणि मागं हात नेऊन तिनं पट्टीची गाठ सोडली. "घे. आता तू सोडव. आणि रविवारचं न्हाणं तुझ्याकडंच."

माय टोकाकडून सोडवत वर गेली. मी वही उघडली. रकान्यात शून्य लिहिलं.